चित्रं फुकट आहेत, पोरांना वाट मराठीतून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या करिअर पुरवणीत फाइन आर्टच्या प्रवेशाबद्दल पानभर लेख आला होता. लेख चांगला होता, सीईटीला काय विचारतात, कॉलेजं कोणती, फी किती, सगळं नीट दिलं होतं. पण कलेच्या इतिहासाचा अभ्यास कसा करायचा यावर एकच वाक्य होतं, की 'ऑनलाईन भरपूर मटेरियल उपलब्ध आहे'. बास, तेवढंच. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितेय. लांबणार आहे, पण अख्खं छापता नाही आलं तरी पुरवणीचं काम बघणाऱ्यांनी एकदा वाचून घ्यावं अशी मनापासून विनंती आहे.

मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवते, त्यातली काही पुढे एटीडीला (आर्ट टीचर डिप्लोमा) जातात, एखादं बीएफएच्या, म्हणजे फाइन आर्टच्या पदवीच्या, तयारीला लागतं. पोरांचा हात चांगला असतो, ऑब्जेक्ट ड्रॉइंग म्हणा, मेमरी ड्रॉइंग म्हणा, काढतात मस्त, पण कलेचा इतिहास म्हटलं की चेहरे उतरतात. यात पोरांची चूक काहीच नाही. एका क्लासने इतिहासाच्या नोट्स म्हणून जे विकलं ते मी हातात घेऊन बघितलंय, झेरॉक्सची झेरॉक्स, चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन आणि खाली लिहिलेलं 'मोनालिसा, लिओनार्दो, तैलरंग', आणि ह्याचे पैसे फीच्या वर वेगळे घेतलेले. बघणं हाच ज्या विषयाचा अभ्यास त्यात पोरगं काळा चौकोन बघून सनावळी पाठ करतंय, मला ते बघवत नाही.

आणि हीच सगळी चित्रं जगातल्या मोठमोठ्या म्युझियमांनी फुकट खुली करून ठेवलीत, तीही अशी की भिंतीसमोर उभं राहून दिसणार नाही इतकी मोठी करून दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये एका झटक्यात ३ लाख ७५ हजार फोटो खुले केले, खुले म्हणजे नुसते बघायला नाही, डाउनलोड करा, छापा, पुस्तकात घाला, विकायच्या वहीवर टाका, कुणाला विचारायचं नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ ला तेच केलं, क्लीव्हलँडने २०१९ ला, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०२० ला तर २८ लाख फोटो सोडले. पॅरिसच्या लूव्रने २०२१ मध्ये आपला जवळपास सगळा संग्रह वेबसाइटवर टाकला, म्हणजे ती झेरॉक्समधली मोनालिसा सुद्धा तिथे आहे. लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, लॉस एंजेलिसचं गेटी, नावं खूप आहेत. पण नुसती नावं देऊन काही होत नाही हे मला शिकवताना कळलंय. पोराच्या हातात मेटची वेबसाइट दिली की ते दोन मिनिटं वरखाली करतं आणि इन्स्टाग्रामवर जातं, कारण समोर लाखो वस्तू, सगळं इंग्रजीत, आणि कुठून धरायचं हेच कळत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की सुरुवात आपल्या गावापासून करायची.

आमच्याकडून अजिंठा जवळ. पोरांना नेतो आम्ही, सोमवार सोडून. पण चित्रांच्या लेण्यात आत अंधार, फ्लॅश चालत नाही, मागून गर्दी ढकलत असते, आणि भिंतीवरची चित्रं काळवंडलेली. ती काळवंडली त्याला वयाबरोबर माणसंही कारण आहेत, एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनी चित्रं उठून दिसावीत म्हणून वर व्हार्निश चढवलं, पुढे १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी यांना आणलं, त्यांनी पापुद्रे सुटत होते ते पक्के केले पण त्यांनीही शेलॅक (लाखेचं व्हार्निश) लावलं आणि ते पुढे पिवळं पडत गेलं. आता हे पोरांना तोंडी सांगून काय कळणार. पण १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला यायचे, मुंबईची आपली पोरं हो, पेस्तनजी बोमनजींसारखी, आणि त्यांनी कॅनव्हासवर तैलरंगात ह्या भिंतींच्या आणि छतांच्या जवळजवळ खऱ्या मापाच्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या. १८८५ मध्ये तिथे आग लागून शंभरावर जळाल्या, उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि त्याचे फोटो म्युझियमच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात, अभ्यासाला उतरवून घेता येतात. (त्याच्याही आधी रॉबर्ट गिल नावाच्या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून नकला काढल्या होत्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. वाचलं की अजून वाईट वाटतं.)

पोरांबरोबर मी काय करते ते सांगते. लेणं क्रमांक १ चं छत बघून आल्यावर त्याच छताच्या ग्रिफिथ्सच्या चमूने केलेल्या नकला शाळेच्या टीव्हीवर लावते. कमळं, वेली, हंस, तो हत्ती. आणि पोरांना विचारते, तू वर मान करून बघितलंस तेव्हा हे दिसलं होतं का? मग पोरं भांडायला लागतात, एकजण म्हणतो तिथे रंग असा नव्हता, दुसरी म्हणते ह्याने कडा जास्तच स्वच्छ काढलीय, खरी तशी नाहीये. आता हा कलेच्या इतिहासाचाच प्रश्न झाला ना? नकल करणारा चित्रकार स्वतःचं किती घालतो, जे भिंतीवरून पडलंय ते त्याने बघितलं होतं की अंदाजाने भरलं, दीडशे वर्षांत नक्की काय काय गेलं. आठवी-नववीतली पोरं हे प्रश्न विचारतात, त्यांच्यापुढे चित्र मोठं करून ठेवलं तर. ग्रिफिथ्सने पुढे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचं पुस्तक काढलं, तेही इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेलं आहे, फुकट. मूळ प्रत विकत घ्यायची म्हटली तर आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली गोष्टच नाही.

दुसरं उदाहरण पुण्याचं देते, कारण तुमचा पेपर पुण्यातही जातो आणि तिथल्याही किती जणांना हे माहीत असेल मला शंका आहे. पेशवाईत पुण्यात गंगाराम तांबट म्हणून चित्रकार होते, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी होता, त्याच्यासाठी त्यांनी चित्रं काढली, पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं आहे, १७९० चं. वेरूळच्या लेण्यांची रेखाटनंही त्यांनीच केली, म्हणजे आमच्या जिल्ह्यात येऊन गेलेले. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, मॅलेटच्या पुढाकाराने तिथे चित्रं शिकवायची सोय झाली, त्यातही गंगारामांचं काम होतं. आणि ही चित्रं बघायला जायचं कुठे? तर अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये. मॅलेटबरोबर ती गेली ती गेलीच. पण येलने २०११ पासून आपला संग्रह ऑनलाईन खुला केला, त्यामुळे आज आमच्या गावातली सातवीतली पोरगी पेशव्यांच्या गेंड्याच्या कातडीच्या घड्या बोटांनी मोठ्या करून बघू शकते. तिला मी पुस्तकातला गेंडा काढायला सांगितला असता तर तिने कंटाळून काढला असता. हा तिने दोनदा काढला, न सांगता, आणि मला विचारलं की बाई ह्यांनी गेंडा समोर उभा करून काढला असेल का. (मॅलेटचा पेशव्यांच्या दरबारातला तह करतानाचा प्रसंग थॉमस डॅनियलने रंगवलेला आहे, १८०५ चं चित्र, ते लंडनच्या टेट म्युझियमच्या साइटवर बघा. गंगारामांची चित्रं आणि डॅनियलचं चित्र शेजारी ठेवा, तासभर बोलता येतं.)

सर्चमध्ये मात्र एक अडचण येते ती पोरांना आधीच सांगावी लागते. म्युझियमच्या साइटवर पुणे टाकून फारसं सापडत नाही, जुनं इंग्रजी पूना टाकावं लागतं. अहमदनगर, विजापूर यांची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हेची टाकून बघावी लागतात, आणि आपल्या भागातली सुलतानी काळातली चित्रं बहुतेक ठिकाणी 'डेक्कन' या नावाखाली ठेवलेली असतात. हे माहीत नसलं की पोरगं म्हणतं काही नाहीच. विजापूरचं १५७० चं 'नुजूम अल-उलूम' नावाचं चित्रांनी भरलेलं हस्तलिखित आयर्लंडला डब्लिनच्या चेस्टर बिटी लायब्ररीत आहे, ते त्यांनी ऑनलाईन ठेवलंय, पण विजापूरच्या शेजारच्या सोलापूरच्या पोराला ते कळणार कसं?

आता परदेशी कलेबद्दल. अभ्यासक्रमात इजिप्त, ग्रीस, रोम, रेनेसाँ, इम्प्रेशनिझम हे सगळं असतं आणि आपल्या पोरांना ते फार लांबचं वाटतं. मला रेम्ब्रांटची फार मदत होते. हा डच चित्रकार कधी हॉलंडच्या बाहेर गेला नाही, पण त्याच्याकडे मुघल चित्रं आली होती, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून तिकडे पोचलेली, आणि त्याने १६५६ ते १६६१ च्या दरम्यान त्यावरून रेखाटनं केली, मऊ आशियाई कागदावर. त्यातलं शहाजहानचं एक रेखाटन क्लीव्हलँडच्या म्युझियममध्ये आहे आणि पूर्ण खुलं आहे. चार मुल्ला झाडाखाली बसलेत ते ब्रिटिश म्युझियमकडे. याच क्लीव्हलँडकडे अकबराच्या काळातलं तुतीनामा हस्तलिखित आहे, पोपटाच्या गोष्टींचं. म्हणजे एकाच वेबसाइटवर पोरांना मुघल चित्र दाखवा, मग रेम्ब्रांटने तसल्या चित्राकडे बघून काय केलं ते दाखवा, त्याची रेघ कशी तुटक आणि आपल्या चित्रकाराची कशी सलग, हे सातवीचं पोरगंही सांगतं. एवढं झालं की मग त्याला रेम्ब्रांट परका राहत नाही.

आणि मग रेम्ब्रांटचंच 'नाइट वॉच', पहारेकरी तुकडीचं मोठं चित्र. १६४२ चं. राइक्सम्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये त्याचा ७१७ गिगापिक्सेलचा फोटो ऑनलाईन टाकला, ८ हजार ४३९ फोटो जोडून केलेला, रंगाचे कण सुटे दिसतात इतकं जवळ जाता येतं. पण स्क्रीनवर एक मोठा घोटाळा होतो, मोबाईलमध्ये सगळी चित्रं सारख्याच मापाची दिसतात. तळहाताएवढं मुघल चित्र आणि भिंतभर नाइट वॉच दोन्ही सहा इंचात. म्हणून मी पोरांना घेऊन ग्राउंडवर गेले, खेळाच्या सरांकडून फक्की घेतली आणि टेप लावून चौकोन आखला, ३ मीटर ७९ सेंटिमीटर उंच, ४ मीटर ५३ सेंटिमीटर रुंद. त्याच्या आत पोरं उभी केली, कॅप्टन कोण, लेफ्टनंट कोण, ती उजेडातली छोटी मुलगी कोण, ढोल वाजवणारा कोण. शेजारी मोनालिसाचा चौकोन, ७७ बाय ५३ सेंटिमीटर. पोरांचा विश्वासच बसेना की एवढीशी असते. वेबसाइटवर प्रत्येक चित्राखाली माप दिलेलं असतं, कशावर काढलंय, कशाने काढलंय, कोणत्या साली म्युझियमकडे आलं, कुणाकडून आलं, नोंद क्रमांक, हे सगळं असतं. अभ्यास खरा तिथे आहे, आणि पोरं नेमकं तेच सोडून देतात.

म्हणूनच मला पिंटरेस्टवरून अभ्यास करणं अजिबात पटत नाही. तिथे रंग वाटेल तसे वाढवलेले, नावं चुकीची, अर्धं चित्र कापलेलं, आणि आता तर एआयने बनवलेली चित्रं जुन्या चित्रकारांच्या नावावर फिरतायत. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा येतात. पोरांना माझा नियम आहे, चित्र कुठलंही आवडू दे, आधी ते ज्या म्युझियममध्ये आहे त्याच्या साइटवर शोध, तिथे सापडलं तरच वहीत लिही.

आणखी एक, आवडलं ते तेव्हाच उतरवून ठेवा. मेवाडचं रामायण हे त्याचं उदाहरण. महाराणा जगतसिंहांसाठी १६४९ ते १६५३ मध्ये तयार झालेलं, ४०० च्या वर चित्रं, साहिबदीन, मनोहर यांच्यासारख्या चित्रकारांची. याचा बराच भाग कर्नल टॉड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हातून लंडनला गेला, तो आज तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, तर बालकांडाचा मोठा भाग मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात. दोन्ही संस्थांनी मिळून २०१४ मध्ये ते ऑनलाईन एकत्र आणलं, केवढं मोठं काम होतं ते! आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, त्यांची डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने उघडतच नव्हती. ज्यांनी पानं सेव्ह करून ठेवली होती त्यांचा अभ्यास चालू राहिला. आमच्याकडे घरात एकच फोन असतो, तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर, रात्री पोरांच्या हाती येतो आणि तोवर दिवसाचा डेटा संपलेला. तेव्हा मी शाळेत चित्रं उतरवते आणि पोरांना पाठवते. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप बारीक करून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, मग मूळ मापात जातं. ही एवढीशी गोष्ट पण कितीतरी शिक्षकांना माहीत नाही, त्यांनाही सांगा.

वाचायचं काय, तर इथेही पैसे न घालता पुष्कळ आहे. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची भारतीय कलेची पुस्तकं साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, हिंदीतही आहेत, आमच्या पोरांना इंग्रजीपेक्षा हिंदी जवळची म्हणून मी तिथूनच सुरू करते. बंगळुरूच्या मॅप अकॅडमीने २०२२ मध्ये भारतीय कलेचा ऑनलाईन कोश सुरू केला, त्यांचे कोर्सही फुकट आहेत, इंग्रजीत आहेत पण इंग्रजी सोपं आहे. पाश्चात्त्य कलेला स्मार्टहिस्टरी, दोन कला-इतिहासकार चित्रासमोर उभे राहून एकमेकांशी बोलतात असे छोटे व्हिडिओ, पोरांना आवडतात, सबटायटल लावून बघतात. मेटची 'टाइमलाइन ऑफ आर्ट हिस्टरी' संदर्भाला उत्तम. मेटने आणि गेटीने आपली शेकडो जुनी पुस्तकं पूर्णच्या पूर्ण पीडीएफ करून ठेवलीत, त्यात मेटच्या १९८५ च्या मोठ्या भारतीय कला प्रदर्शनाचं जाडजूड पुस्तकही आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स आहेत, ऐकायला पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं तरच परीक्षेची फी. बीएफए, एमएफएच्या मुलांनी जेस्टोर या शोधनिबंधांच्या साइटवर फुकट अकाउंट काढावं, महिन्याला १०० लेख ऑनलाईन वाचता येतात. गुगल आर्ट्स अँड कल्चर बघायला छान आहे, मुंबईचं भाऊ दाजी लाड म्युझियमही तिथे आहे, फक्त चित्रं उतरवून घेता येत नाहीत, म्हणून अभ्यासाला मी म्युझियमच्या स्वतःच्या साइटलाच पहिला नंबर देते.

मराठीत म्हणाल तर मराठी विश्वकोश. वाईला बसून लक्ष्मणशास्त्री जोशींनी आणि त्यांच्याबरोबरच्या विद्वानांनी जे उभं केलं ते सगळे खंड आज शासनाच्या साइटवर मोफत वाचता येतात, चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला, त्यातल्या शैली, तंत्रं, चित्रकार यांच्यावर मोठमोठ्या नोंदी आहेत, परीक्षेत उत्तर लिहायला लागणारी भाषा पोरांना तिथेच मिळते. नोंदी जुन्या आहेत, नवीन संशोधन आलेलं नाही, चित्रं कमी आहेत, हे सगळं खरं. तरी माझ्या पोरांनी युरोपातली बरोक शैली पहिल्यांदा समजून घेतली ती विश्वकोशातून, आणि मग चित्रं बघितली मेटवर. दोन खिडक्या उघड्या ठेवायच्या, एकात मराठी मजकूर, एकात चित्र. सध्या तरी मराठी माध्यमाच्या मुलासाठी याहून चांगली पद्धत मला दिसत नाही. ब्राउझरमधलं आपोआप भाषांतर वापरून बघितलं, साधं वर्णन कळतं, पण नावांची आणि तंत्राच्या शब्दांची पार वाट लागते, त्यावर विसंबून परीक्षेला बसू नये.

आता मुख्य सांगते, आणि हे तुमच्याकडे आणि तुमच्यामार्फत सरकारकडेही मागणं आहे. सगळं खुलं असताना आमची पोरं बाहेर राहतात याचं कारण वाट दाखवणारं मराठीत कुणी नाही. शहरातल्या पोराला कुणीतरी सांगणारं असतं, कॉलेजातला सीनियर, ओळखीचा चित्रकार, लायब्ररी. तालुक्याच्या पोराला फक्त शाळा आणि पेपर. कितीतरी शाळांत चित्रकलेला शिक्षकच नाही, म्हणजे उरला पेपर.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक चित्र छापा. रंगीत, मोठं. मेट, शिकागो, क्लीव्हलँड, राइक्सम्युझियम यांच्या खुल्या चित्रांना परवानगी लागत नाही, फी लागत नाही. शेजारी मराठीत दीडशे-दोनशे शब्द, चित्रात काय बघायचं, माप किती, कुठे आहे, आणि तिथे पोचायला कोणता शब्द सर्च करायचा. क्यूआर कोड द्या. सुरुवात गंगाराम तांबटांच्या गेंड्यापासून करा, नाहीतर रेम्ब्रांटच्या शहाजहानपासून. आमचे मराठीचे, इतिहासाचे शिक्षकसुद्धा वापरतील. ज्या शाळेत कलाशिक्षक नाही तिथे निदान पेपरचं कात्रण तरी भिंतीवर लागेल. लिहायला माणसं हवी असतील तर जेजेतून, पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण आनंदाने लिहितील, मीही काढून देईन.

आणि सरकारला विचारा, की आपल्या राज्यातल्या संग्रहालयांची चित्रं अशी खुली कधी होणार. चित्रकार धुरंधर १९४४ मध्ये वारले. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये. आपल्या कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, म्हणजे दोघांचीही चित्रं आता सगळ्यांची आहेत, राजा रविवर्मांची तर कधीच झाली. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी काय काय जमवून ठेवलंय, जेजेच्या स्वतःच्या संग्रहात किती पिढ्यांचं काम आहे. ते चांगल्या फोटोत, माप, साल, माध्यम लिहून, मराठी वर्णनासकट ऑनलाईन यायला हवं, आणि बघण्यापुरतं नको, उतरवून घेऊन शाळेत छापून लावता येईल असं हवं, वर भलामोठा वॉटरमार्क न मारता. अमेरिकेतल्या येलच्या म्युझियममधली पुण्याची चित्रं माझ्या पोरांना इतक्या सहज मिळतात तशीच सातारा जिल्ह्यातली औंधची मिळाली पाहिजेत. ज्याला औंधला जाता येतं त्याने जावंच, पण आमच्याकडून एसटीने औंध म्हणजे शाळेच्या सहलीत बसत नाही.

कला संचालनालयाने इंटरमिजिएटच्या निकालाबरोबर शाळांना एक पत्रक पाठवलं तरी पुष्कळ होईल. ग्रेडचे मार्क दहावीत धरले जातात म्हणून पोरं परीक्षेला बसतात, ए ग्रेड मिळाली की आईबाप खूष आणि तिथेच चित्रकला संपते. त्याच वेळी, पोराच्या हातात सर्टिफिकेट असतानाच, त्याच्याबरोबर मराठीत एक पान जाऊ दे, ह्या ह्या साइट, इथून सुरू कर, पैसे लागत नाहीत. परीक्षा शासकीय आहे, यंत्रणा आहे, शाळांचे पत्ते आहेत. छपाईचा खर्च तेवढा.

मी माझ्यापुरतं असं एक पान करून ठेवलंय, दोन्ही बाजूंनी, साइटची नावं मराठीत आणि सर्चचे शब्द इंग्रजीत, आमच्या केंद्रातल्या शाळांना वाटलंय. तुमच्या कार्यालयाकडे या पत्रासोबत एक प्रत पाठवतेय. छापायचं असेल तर माझं नाव नको, तसंच छापा, कुणीही झेरॉक्स काढावी, त्यात चित्रं नाहीत त्यामुळे काळी पडायची भीती नाही.

आपली,
एक कलाशिक्षिका,
जि. छत्रपती संभाजीनगर